वर्तुळ काढायला पडदा कशाला?

प्रॅक्टिकलच्या दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये अजूनही अनेक ठिकाणी निळ्या खिडक्यांची रांग लागते. यंत्र नवं, पण त्यात डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम जुन्या डॉसचं सोंग घेऊन बसलेला, आणि त्या सोंगाच्या पोटात टर्बो सी. विद्यार्थी 'इनिटग्राफ'ची ओळ लिहितो, सी ड्राइव्हमधल्या टीसी फोल्डरचा पत्ता अवतरणात टाकतो, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबतो. पडद्यावर एक ओळ येते, 'बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड'. शेजारचा मान न वळवताच म्हणतो, "पाथ चुकलाय रे." पाथ सुधारला की काळ्या पडद्यावर एक पांढरं वर्तुळ उमटतं. त्याची प्रिंट जर्नलमध्ये चिकटते, सरांची सही होते, प्रॅक्टिकल संपतं.

त्या तासाभरात मुलगा नेमकं काय शिकला? सी भाषेत फोल्डरचा पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ दोनदा द्यायची असते, हे तो जन्मभर विसरणार नाही. वर्तुळ मात्र त्यानं एकतर 'सर्कल' या तयार आज्ञेनं काढलं, नाहीतर पुस्तकातली आकडेमोड उतरवून 'पुटपिक्सेल'च्या ठिपक्यांनी. ते ठिपके कुठे गेले, कोणत्या घरात पडले, याचा त्याला पत्ता नाही. नमनालाच घडाभर तेल गेलं.

ही रीत मोडावी. टर्बो सी १९८७ सालचं आहे, हे त्याचं सगळ्यात लहान कारण आहे. काही ठिकाणी अभ्यासक्रम बदलून ओपनजीएल आलं, तरी दुखणं तेच राहिलं: पहिला तास खिडकी उघडण्यात जातो आणि रेघ शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. म्हणून मुलांना पहिली रेघ, पहिला चौकोन, पहिलं वर्तुळ पडद्यावर काढूच देऊ नये. ते मेमरीतल्या एका रिकाम्या चौकटीत काढायला लावावं, चौकट फाइलमध्ये उतरवावी आणि मग ज्याला बघायचं त्यानं उघडून बघावं. या क्षेत्रातले लोक अशा चौकटीला ऑफ-स्क्रीन इमेज म्हणतात. मराठीत पडद्याआडचं चित्र म्हणायला हरकत नाही.

हे चित्र म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग, बाकी काही नाही. चौकट ६४० घरं रुंद आणि ४८० घरं उंच असेल, तर रांगेत ३,०७,२०० आकडे. शून्यापासून मोजत क्रमांक दोनच्या ओळीतलं क्रमांक पाचचं घर हवं असेल, तर ओळीला रुंदीनं गुणायचं आणि पाच मिळवायचे: १,२८५. रांगेत त्या जागी शून्य काढून २५५ ठेवला की काळ्यावर पांढरा ठिपका पडला. याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही, आणि पाथही लागत नाही.

गंमत अशी, की व्हायवाला हमखास विचारली जाणारी रेघ मुळात पडद्यासाठी नव्हतीच. १९६२ साली जॅक ब्रेझेनहॅम आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्यापुढे आयबीएम १४०१ या यंत्राला जोडलेला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर होता, कागदावर पेन सरकवणारा. पेन एका वेळी एकच पाऊल टाके, आठांपैकी एका दिशेला. तिरकी रेघ हवी असेल तर दर पावलाला ठरवायचं, सरळ जायचं की कोपऱ्यावर. त्या काळच्या यंत्राला गुणाकार-भागाकार जड जात. ब्रेझेनहॅम यांनी बेरीज, वजाबाकी आणि अधिक-उणे तपासणं एवढ्यावरच काम भागवलं. त्यांचा लेख १९६५ साली आयबीएमच्या नियतकालिकात छापून आला.

ही रीत घरी आलेखाच्या कागदावर करून बघता येते. एका घरातून निघून पाच घरं उजवीकडे आणि दोन घरं खाली पोहोचायचं आहे. हाताशी एक शिल्लक ठेवायची, सुरुवातीला उणे एक. शिल्लक उणे असेल तर सरळ एक घर उजवीकडे जायचं आणि चार मिळवायचे. उणे नसेल तर कोपऱ्यावरच्या घरात उतरायचं आणि सहा वजा करायचे. शिल्लक होते उणे एक, तीन, उणे तीन, एक, उणे पाच. पावलं पडतात सरळ, तिरकं, सरळ, तिरकं, सरळ. पाच पावलांत पेन बरोबर मुक्कामी. चौथीतल्या मुलीला जमेल असा हा हिशेब इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पाठ करावा लागतो, कारण तो कागदावर किंवा फाइलमध्ये कधी डोळ्यांसमोर येतच नाही.

फाइलमध्ये आणायचं कसं, याचंही उत्तर जुनं आणि साधं आहे. जेफ पोस्कान्झर यांनी १९८०च्या दशकात चित्रांची एक साधी रचना तयार केली, कारण त्या वेळच्या ईमेलमधून निव्वळ मजकूरच धड पोहोचत असे. पहिल्या ओळीत 'पी' अक्षर आणि एकचा आकडा, दुसरीत रुंदी आणि उंची, आणि खाली शून्य-एकांच्या ओळी. एक म्हणजे काळं, शून्य म्हणजे पांढरं. झालं चित्र. नोटपॅडमध्ये हातानं टाइप केलं तरी चालतं, आणि जिंपसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ते उघडून दाखवतो. चित्र म्हणजे आकडे, हे मुलाला पटवायला याहून सरळ वाट नाही.

मग पहिला धडा कशाचा द्यावा? रोज दिसणाऱ्या वस्तूचा. वडापावच्या गाडीवर, रिक्षाच्या पाठीवर, देवळातल्या दानपेटीवर चिकटलेला क्यूआर कोड बघावा. जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीनं तो १९९४ साली आणला. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ घरांचा असतो. त्याच्या तीन कोपऱ्यांत चौकोनात चौकोन असलेली मोठी खूण असते. ती काढायला तीनच आज्ञा लागतात: सात घरांचा काळा चौकोन, त्यावर पाच घरांचा पांढरा, त्यावर तीन घरांचा काळा. क्रम उलटा केला तर शेवटचा मोठा काळा चौकोन बाकीचे दोन गिळून टाकतो. आधी काढलेलं खाली जातं आणि नंतरचं वर येतं, हा ग्राफिक्समधला पहिला नियम इथे एका खुणेत शिकून होतो.

खरा धडा पुढेच आहे. बहुतेक मुलं पहिल्या फटक्यात काळा चौकोन शून्यापासून सातपर्यंत, पांढरा एकपासून सहापर्यंत आणि आतला काळा दोनपासून पाचपर्यंत असं लिहितील. काही ग्राफिक्स लायब्ररी शेवटचं घर धरून मोजतात. पायथनच्या जगात सर्रास वापरली जाणारी पिलो त्यांतलीच. तिथे शून्य ते सात म्हणजे आठ घरं. ब्राउझरमधल्या कॅनव्हासला मात्र कोपरा आणि रुंदी सांगायची असते; तिथे रुंदी सात म्हटली की सातच घरं भरतात. शंभर फुटी कुंपणाला दर दहा फुटांवर खांब रोवायचा तर खांब अकरा लागतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. प्रोग्रॅमर दहाच आणून ठेवतो, नाहीतर अकराची भिंत बांधतो.

आठ घरांनी बिघडतं काय? क्यूआर वाचणारा कॅमेरा ती खूण ओळखतो ती प्रमाणावरून. खुणेच्या मधून आडवी, उभी, तिरकी कशीही रेषा न्या. काळं एक, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक, हेच प्रमाण मिळायला हवं. मुलानं काढलेल्या खुणेत मधला भाग तीनऐवजी चार घरांचा होतो. डोळ्याला दोन्ही खुणा सारख्याच वाटतात. पडद्यावर काढली असती तर "आलं की सर" म्हणून सही मिळाली असती. फाइलमध्ये आकडे मोजता येतात, म्हणून चूक पकडता येते. माझ्या मते पडद्याआडच्या चित्राच्या बाजूनं एवढा एकच मुद्दा असता, तरी पुरला असता.

ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी मॅकिंटॉशची चित्रप्रणाली क्विकड्रॉ लिहिताना हा गोंधळ मुळातच मिटवला. त्यांच्या मांडणीत आकडे घरांना दिलेलेच नाहीत. ते घरांमधल्या रेघांना दिले आहेत, आणि त्या रेघांना जाडी नाही. शून्याच्या रेघेपासून सातच्या रेघेपर्यंत सातच घरं मावतात, वादच नाही. याच ॲटकिन्सन यांनी १९८१ साली लंबवर्तुळं झपाट्यानं काढण्यासाठी एक शाळकरी गुपित वापरलं होतं: एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्या मिळवत गेलं की चार, नऊ, सोळा असे वर्गच मिळत जातात, मग गुणाकाराची गरज उरत नाही. ते पाहून स्टीव्ह जॉब्स यांनी गोल कोपऱ्यांचे आयत मागितले आणि आजूबाजूला असे आयत किती आहेत ते हिंडून दाखवलं, ही हकीकत त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवली आहे. आज मोबाइलवरच्या चिन्हांना जे गोल कोपरे दिसतात, त्यांची वंशावळ तिथवर जाते.

पडद्याआड चित्र काढण्यामागे व्यवसायातल्या लोकांचं आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी प्रेक्षकाला सांगायला सोपं आहे. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं, म्हणजे ब्रेझेनहॅम यांची रेघ जन्मली त्याच वर्षी. त्या नाटकाला फिरता रंगमंच होता. प्रेक्षकांसमोर एक प्रवेश रंगत असताना पाठीमागच्या अर्ध्या भागात पुढच्या प्रवेशाचं सामान लागायचं. वेळ झाली की मंच फिरायचा. खुर्च्या हलवणारी माणसं कुणाला दिसत नसत. संगणकातल्या डबल बफरिंगचं काम अगदी असंच चालतं. एक चौकट दिसत असते, दुसरीत पुढचं दृश्य मांडलं जातं, मग दोघींची अदलाबदल. सेकंदाला ६० वेळा हे घडायचं तर एका दृश्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

हे न केल्यानं काय होतं, ते टर्बो सीच्या पिढीनं भोगलेलं आहे. मिनी-प्रोजेक्ट म्हणून पावसात छत्री घेऊन चालणारा माणूस किंवा रस्त्यावरून जाणारी गाडी काढायची, दर पावलाला पडदा पुसायचा, पुन्हा काढायचं. परिणाम: माणूस चालतो कमी, लुकलुकतो जास्त. टर्बो सीमध्ये यावर इलाज होता. एका पानावर काढायचं आणि दुसरं दाखवायचं, अशा दोन आज्ञा त्यात आहेत. पण 'डिटेक्ट' म्हटलं की तो ६४० बाय ४८०चा पडदा निवडतो आणि त्यात पान एकच. ६४० बाय ३५० निवडलं तर दोन पानं मिळतात. इतकी मोलाची गोष्ट जर्नलमध्ये क्वचितच सापडते.

मेमरीची किंमत जबर असतानाही जाणकारांनी ही चैन केली. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ साली सुपरपेंट ही चित्र काढण्याची यंत्रणा उभी केली, तीत ६४० बाय ४८० घरांना २५६ रंगांची स्वतंत्र मेमरी होती. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ घरांचा, काळा-पांढरा. त्याची एक प्रत २१,८८८ बाइटची. यंत्राची सगळी मेमरी १२८ किलोबाइट, म्हणजे पडद्याची एक जादा प्रत ठेवायला जवळपास सहावा हिस्सा द्यावा लागे. तरीही त्यावरच्या मॅकपेंट या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅमनं आपल्या खिडकीच्या दोन प्रती पडद्याआड ठेवल्या: एक चालू चित्राची आणि एक 'अनडू'साठी आधीच्या चित्राची. आजच्या १९२० बाय १०८०च्या चौकटीला सुमारे ८३ लाख बाइट लागतात, आणि कॉलेजच्या साध्यात साध्या यंत्रालाही तो बोजा जाणवत नाही.

आणि आजची कितीतरी चित्रं अशा यंत्रांवर तयार होतात, ज्यांना पडदाच जोडलेला नाही. ऑनलाइन भरलेल्या बिलावरचा क्यूआर, बँकेच्या विवरणातला आलेख, नकाशाचे तुकडे, ही सगळी सर्व्हरच्या पोटातली कामं. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशात एक तुकडा २५६ बाय २५६ घरांचा असतो. सगळ्यात दूरून पाहिलं तर अख्खं जग एका तुकड्यात मावतं. जवळ जाताना दर पायरीला तुकडे चौपट होतात. दहाव्या पायरीवर ते १०,४८,५७६ होतात. नोकरीला लागल्यावर मुलांपुढे येणारं ग्राफिक्स बरंचसं असं आहे. मग पडद्याशिवाय चित्र काढणं ही अभ्यासक्रमातली अडगळ कशी ठरेल?

इथे मराठीचा एक हिशेब चुकता करायचा राहतो. गावोगावच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं आता प्रोग्रॅम लिहून छापली जातात: कोरं प्रमाणपत्र चित्र म्हणून उघडायचं आणि यादीतलं एकेक नाव त्यावर लिहायचं. यादीत 'किशोरी' असतं आणि प्रमाणपत्रावर ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन 'श'ला चिकटते. जोडाक्षरं फुटून पाय मोडके दिसतात. याचं कारण सोपं आहे. संगणकात 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी अशी ठेवलेली असते; काढताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. हा फेरफार हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी यंत्रणा करते. ती जोडलेली नसेल तर पिलोसारखी लायब्ररी अक्षरं साठवल्या क्रमानं एकापुढे एक ठेवत जाते. ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पडद्याआड काढलं की पितळ उघडं पडतं.

इंग्रजी पाठ्यपुस्तकात हा धडा कधीच येणार नाही, कारण त्या लिपीला तो प्रश्न पडत नाही. आपल्या लॅबमध्ये तो सक्तीचा हवा. चाचणीसाठी 'विद्यार्थिनी' हा एक शब्द पुरे: त्यात वेलांटीही मागे यायला हवी आणि रफारही वर चढायला हवा. जोडीला 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' द्यावेत. एकात रफार, दुसऱ्यात मराठीचा खास अर्धा 'ऱ'. चित्रात दोन्ही सारखे उमटले तर गुरुजींचं मानपत्र स्वयंपाक्याच्या नावे निघेल.

याला विरोध होईल आणि त्यातला काही रास्त आहे. आजचं ग्राफिक्स कार्ड ब्रेझेनहॅम यांच्या पद्धतीनं चालत नाही. ते त्रिकोण भरतं, आणि कोणतं घर त्रिकोणाच्या आत आहे हे हजारो घरांसाठी एकदम तपासतं. त्यामागची कल्पना हुआन पिनेडा यांनी १९८८ साली मांडली. खेळ किंवा ॲनिमेशनच्या उद्योगात जायचं असेल तर ते शिकावंच लागेल. पण घर आत आहे की बाहेर, कडेवरचं कुणाचं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. उलट दोन त्रिकोणांच्या सामाईक कडेवरचं घर दोघांनी रंगवलं किंवा दोघांनीही सोडलं, तर चित्रावर शिवण दिसते. सात की आठ, हा प्रश्न ज्यानं हातानं सोडवला आहे, त्याला ही शिवण समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा आक्षेप एआयचा. चौकोन भरण्याच्या चार ओळी आता कोणताही सहायक क्षणात लिहून देतो, मग मुलांनी कशाला डोकं खपवावं? ओळी जरूर त्याच्याकडून घ्याव्यात. त्यानं शेवटचं घर धरलं आहे की सोडलं आहे, हे मात्र घेणाऱ्याला तपासता आलं पाहिजे. पडद्याआडच्या चित्राला ही तपासणी स्वस्तात मिळते: अपेक्षित फाइल एक, आलेली फाइल दुसरी, दोन्हींची घराशी घर तुलना. फायरफॉक्स ब्राउझर बनवणारे लोकही पानं अशीच काढून, चित्राशी चित्र ताडून चुका शोधतात. आपल्याकडे सत्तर जर्नलं तपासणाऱ्या शिक्षकाचा यात फायदाच आहे.

तिसरी अडचण खरी म्हणजे परीक्षेची. प्रश्नपत्रिकेत 'ब्रेझेनहॅमची पद्धत उदाहरणासह स्पष्ट करा' एवढंच येत असेल, तर मुलं तेवढंच करणार. हे अभ्यास मंडळानं बदलायचं आहे, आणि त्यासाठी एक रुपयाची खरेदी लागत नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला नोटपॅडमध्ये शून्य-एकांनी आपल्या नावाचं आद्याक्षर. दुसऱ्याला रेघ आणि वर्तुळ, फाइलमध्ये. तिसऱ्याला क्यूआरची खूण. चौथ्याला 'विद्यार्थिनी'. पाचव्याला दोन चौकटी, आणि तेव्हा पहिल्यांदा पडदा, त्यावर न लुकलुकता चालणारा छत्रीवाला.

एक्स्टर्नल आले की त्यांनी पाठ केलेली सूत्रं विचारू नयेत. मुलानं काढलेली खूण उघडावी, आतला काळा चौकोन तीनऐवजी चार घरांचा निघाला तर गुण लगेच कापू नयेत, आणि फाइल त्याच्यापुढे सरकवून म्हणावं, "हे चौथं घर कुठल्या ओळीमुळे आलं, बोट ठेवून दाखव."